दंडाचं माप

निपाणीत मी तीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले, आणि ज्यांचे शिवले त्यातल्या निम्म्याअधिक बायका मी कधी समोर पाहिल्याच नाहीत. हे सांगितलं की बाहेरगावची माणसं हसतात. पण आमच्याकडे रीतच तशी होती. अंगाला टेप लावायची नाही. कापडाच्या पिशवीतून ‘मापाचा ब्लाऊज’ यायचा, म्हणजे जो अंगाला नीट बसतो तो जुना. त्याच्याबरोबर नवं कापड आणि निरोप: गळा मागून थोडा खोल, बाही आहे तेवढीच. पिशवी कधी सासरा आणायचा, कधी दीर, कधी एस.टी.चा कंडक्टर. मी तो जुना ब्लाऊज उलटा करायचा आणि त्यावरून नवा बेतायचा.

उलटा केलेला ब्लाऊज फार बोलतो. कुठला हात जास्त राबतो, बाळंतपणं किती झाली, माहेरी जाऊन आली का. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा ब्लाऊज उलटा केला की मला हमखास दोन शिंका यायच्या. आमची मंडळी आतून ओरडायची, “वखारीतलं आलं व्हय गिऱ्हाईक?”

शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना आम्ही बोट-दीड बोट कापड जास्तीचं सोडतो. त्याला धंद्यात माया म्हणतात. पुढे बाई भरली की शिवण उसवायची आणि त्या कापडातून ब्लाऊज सैल करून द्यायचा. माझ्याकडे दुरुस्तीला येणारं काम बहुतेक असंच, सैल करायचं. आत घ्यायला म्हणून ब्लाऊज क्वचित यायचा. म्हणून जे आत घ्यायला आले, ते माझ्या लक्षात राहिलेत.

ही कला मी बेळगावात आप्पांच्या हाताखाली शिकलो. आप्पा घरी कानडी, दुकानात मराठी आणि चिडले की दोन्ही मिसळून बोलायचे. ते पुरुषांचे कोट शिवायचे आणि त्यांचा एक कडक नियम होता: माप तोंडातून काढायचं नाही. गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरवली की आकड्यावर अंगठा दाबून मला नुसतं दाखवायचे, मी वहीत लिहायचं. एकदा मी उत्साहाच्या भरात “कंबर बेचाळीस” असं मोठ्यांदा वाचलं. त्या गिऱ्हाइकाबरोबर त्याचे होणारे व्याही बसले होते. गिऱ्हाईक गेल्यावर आप्पांनी लाकडी पट्टी माझ्या पोटरीवर मारली. “माणसाचं माप त्याचं असतंय. आपण कापड बघायचं,” म्हणाले.

टिळकवाडीतले एक वकील आप्पांचे जुने गिऱ्हाईक. एकदा ते कोट आत घ्यायला आले ते फार खुशीत. दोन महिन्यांत दहा किलो उतरलं, काही न करता, म्हणाले. आप्पांनी त्यांचं कौतुक केलं, चहा पाजला, माप घेतलं. वकील पायऱ्या उतरून गेले, तसे आप्पा वहीकडे बघत बसले.

“बघ रे,” मला म्हणाले. “जेवण तोडून, चालून जो बारीक होतोय, त्याचं पोट आधी जातंय, कंबर आधी जाती. ह्यांचं पोट हाय तिथंच. खांदा पडला, दंड गेला. हे बारीक होणं न्हवं.”

“मग सांगितलं का न्हाई त्यांना?”

“मी काय डॉक्टर हाय?”

तो कोट वकिलांनी पाच-सहा वेळा घातला असेल. पुढच्या दिवाळीला त्यांच्या घरी आकाशकंदील नव्हता. आप्पा तेराव्याला जाऊन आले आणि पुन्हा कात्री घेऊन बसले. मी काही विचारलं नाही. पट्टीची आठवण ताजी होती.

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा बळ येईल. निपाणीत दुकान टाकल्यावर दहा वर्षांत मी ब्याण्णव किलोचा झालो. दिवसभर मशीनवर बसायचं आणि मंडळीच्या हातची भाकरी खायची, दुसरं काय होणार. मेव्हण्याच्या लग्नात मला माझाच जुना कोट घालायचा होता. शिंपी असून बटण लागत नव्हतं, आणि मायेत सोडलेलं सगळं कापड आधीच संपवून बसलो होतो. मग मी दहा दिवस नुसतं ताक आणि काकडी यांवर काढले. पहिल्या आठवड्यात साडेचार किलो उतरलं. रोज सकाळी मी तंबाखूच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर उभा राहायचो आणि हमाल टाळ्या वाजवायचे.

दहाव्या दिवशी मशीन चालवता चालवता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई माझ्या डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. मंडळी म्हणाली, “आता बोट बी आत घेतासा काय?” आणि मला गल्लीच्या तोंडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर सावकाश बोलणारे. नख बांधता बांधता त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आजवर गिऱ्हाइकांना सांगत आलोय. पहिल्या आठवड्यात झपाट्यानं जे उतरतं ते बहुतेक पाणी असतं. शरीरानं थोडी साखर साठवून ठेवलेली असते, ती उपासात आधी खर्च होते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. आपल्याला वाटतं चरबी गेली. चरबी फार हळू जाते. माणूस अगदीच उपाशी राहिला तर शरीर चरबीबरोबर मांसही मोडून खायला लागतं, आणि ते मांस दंडाचं, मांडीचं असतं. मग चक्कर, अशक्तपणा, केस गळणं. आणि पहिल्यासारखं जेवायला लागला की पाणी आठ दिवसांत परत येतं, बाकीचंही मागून येतं.

“महिन्याला दोन-तीन किलो जाऊ दे, मास्तर. एक भाकरी कमी करा आणि रोज तासभर चाला. त्यापेक्षा घाई नको.”

“आणि काही न करता उतरलं तर?”

त्यांनी पट्टी कापली आणि माझ्याकडे बघितलं. “तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं यायचं. तिसऱ्या नाही.”

मेव्हण्याच्या लग्नात मी कोट न घालताच मिरवलो. उतरलेलं सगळं वरातीपर्यंत परत आलं होतं.

हे सगळं माझ्या पदरात होतं. आप्पांनी दंड दाखवला होता, डॉक्टरांनी दिवस सांगितला होता. तरी पुढचं घडलं.

बोरगावच्या मालनआक्का माझ्या जुन्या गिऱ्हाईक. घरची शेती, नवरा वखारीत मुकादम, दोन मुली. बाई बोलायला फटकळ, पण कधी उशीर झाला म्हणून कटकट करायच्या नाहीत. ऐंशीनंतरची गोष्ट. थोरल्या सुनंदाचं लग्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका घरात ठरलं. मुलगा कचेरीत नोकरीला. आठवडी बाजारादिवशी आक्का सात ब्लाऊजपीस आणि सुनंदाचा मापाचा ब्लाऊज घेऊन आल्या. गुलाबी होता, बाहीला पांढरी नाडी.

“महिन्या-दीड महिन्यात लगीन हाय, मास्तर. जरा नीट बघा.”

“पोरीला घेऊन यायचं की एकदा.”

“लगीन ठरलेली पोरगी उन्हातान्हात कशाला फिरवू? माप दिलंय न्हवं.”

मग खाली बसून, पदरानं वारा घेत त्यांनी सांगितलं की मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या आत्यानं चहा पिताना म्हटलं, पोरगी चांगली आहे, पण अंगानं जरा भरलेली आहे. “तवापास्नं भात बंद केलाय तिचा. सांच्याला नुसती आमटी.”

दोन बाजार गेले, मी सातही ब्लाऊज दिले. पुढच्या बाजाराला सातही परत आले.

“मास्तर, तुमची कात्री म्हातारी झाली काय? समदे ढगळ होत्यात.”

मला ते लागलं. मी मापाचा ब्लाऊज काढला, नवा त्याच्यावर ठेवला, शिवणीला शिवण लावून दाखवली. सूतभर फरक नव्हता. दुकानात दोन बायका होत्या, त्यांनाही दाखवलं. आक्का हसल्या.

“मग पोरगीच बारीक झाली म्हणायची. भात बंद केल्याचा गुण. आणि पाणी लई पिती हो आता, घागर संपिवती एकटी. पाण्यानं चरबी जाती म्हणत्यात, खरं काय?”

मी म्हटलं, “म्हणत्यात.” माझं सगळं लक्ष माझी कात्री निर्दोष ठरली याच्याकडे होतं. सातही ब्लाऊज मी अर्ध्या-अर्ध्या इंचानं आत घेऊन दिले आणि पैसे घेतले नाहीत, मोठेपणा म्हणून.

पुढच्या बाजाराला आक्का पुन्हा आल्या. या वेळी एकच ब्लाऊज, हळदीचा. त्यात जिथं जिथं ढगळ होत होतं तिथं सुनंदानं स्वतः टाचण्या लावून दिल्या होत्या. नेटकं काम होतं. पोरीला शिवणाचं अंग असावं. मी ब्लाऊज उलटा केला. कमरेला एकही टाचणी नव्हती. दोन्ही खांद्यांना दोन-दोन होत्या आणि बाह्यांना, जिथं दंड येतो तिथं, दोन बोटं कापड चिमटीत धरून ओळीनं टाचण्या.

मला आप्पांची वही दिसली. वकिलांचं पान.

“जेवती नीट?” मी विचारलं.

“जेवायलाच मागती सारखी. आमी देत न्हाई. पंधरा दिसावर लगीन, आता कशाला द्यायचं?” आक्कांनी ब्लाऊजची शिवण चिमटीत धरली. “आणि हे आतलं जाड लागतंय तिला काखंत. कापूनच टाका.”

“माया कापत न्हाईत, आक्का. उद्या पोरगी भरली तर?”

“बेळगावात भरू द्यायची न्हाई तिला,” त्या हसून म्हणाल्या. दुकानात तिघी-चौघी होत्या, सगळ्या हसल्या. मीही हसलो. आणि कात्री घेऊन मी ती माया कापली. तीस वर्षांत असं काम मी एकदाच केलं. चिंध्या खालच्या टोपलीत पडल्या. माप तोंडातून काढायचं नाही, आपण कापड बघायचं, हे मी मनात म्हणत होतो की तेव्हा सुचलंच नव्हतं आणि नंतर स्वतःची समजूत म्हणून जोडून घेतलं, ते आता मला सांगता येत नाही.

घरी मंडळीला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

“मग सांगायचं न्हाई व्हय त्यांना?”

“मी काय डॉक्टर हाय?” मी म्हणालो, आणि कुणाचं वाक्य बोलतोय ते माझ्या लक्षात आलं.

“डॉक्टर कशाला व्हायला पायजे? माप सांगू नका. तब्येत इचारून या.”

दोन दिवस मी टाळलं. लग्नसराईचं काम होतं हेही खरं. तिसऱ्या दिवशी हुक लावायचे राहिलेत असं निमित्त काढून, खिशात चार हुक आणि सुईदोरा घालून मी बोरगावच्या एस.टी.त बसलो.

घरात लग्नाची गडबड होती. सोप्यात गव्हाची पोती, अंगणात चुलीसाठी विटा. सुनंदा पाण्याच्या रांजणाजवळ भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तांब्या. तिला मी पहिल्यांदा बघत होतो. जिच्या अंगाचं माप महिनाभर माझ्याकडे होतं ती ही असं कुणी सांगितल्याशिवाय मी ओळखली नसती. गुलाबी ब्लाऊजमध्ये अशा दोन सुनंदा बसल्या असत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. ओठ सुकून पांढरे.

“मास्तर, तुमी व्हय?” ती म्हणाली. “आता बसतोय ब्लाऊज. लई सुबक केलासा.”

“टाचण्या तुझ्या होत्या, म्हणून जमलं,” मी म्हणालो. ती हसली. मी हुक लावायला जवळ बसलो तेव्हा तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या केळ्यांसारखा वास येत होता. ती बोलता बोलता दम खात होती, जिना चढून आल्यासारखी.

मालनआक्का चुलीपाशी होत्या. मी दारात उभा राहून म्हणालो, “आक्का, पोरीला एकदा डॉक्टरला दाखवा. आमच्या गल्लीतलं चांगलं हायेत.”

त्यांनी मागं बघितलं, मग सोप्यात कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

“हळू बोला. बारा दिसावर लगीन आलंय. पोरगी डॉक्टरकडं नेली म्हणून बेळगावात कळलं तर? पोरीला रोग हाय म्हणत्याल. लगीन मोडलं तर धाकटीला बी कोण इचारणार?”

“तसं न्हवं, आक्का. दंड लई उतरलाय तिचा...”

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमी चांगलं मानूस हायसा. चा घ्या. आणि शिवायचं तेवढं शिवा.”

मी चहा घेतला. मी एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मुकादमांना वखारीत गाठता आलं असतं, गाठलं नाही. परत आल्यावर डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता, मी समोरून गेलो. दुकानात तीन ब्लाऊज द्यायचे होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. सुनंदा सकाळपासून ओकत होती आणि दुपारी हाक मारली तर ओ देईना. डॉक्टरांनी लघवी तपासली, सलाईन लावलं आणि पुढे न्यायला सांगितलं. कोल्हापूर जवळ, पण तिचा मामा बेळगावच्या दवाखान्यात कारकून, ओळखीनं लगेच खाट मिळेल म्हणून जीप बेळगावकडे गेली. बेळगावच्या अगदी अलीकडच्या काकतीपर्यंत श्वास होता. तिथून टिळकवाडी किती लांब, ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी मला बसवून घेतलं. साखरेचा आजार, म्हणाले. तरुण मुलामुलींना होतो तो वेगळा, अचानक येतो. अन्न पोटात जातं पण अंगाला लागत नाही. साखर रक्तात साठते, लघवीवाटे जाते, म्हणून तहान आणि म्हणून भूक. आणि अंगाला काही मिळत नाही म्हणून अंग स्वतःलाच खायला लागतं, चरबी आणि मांस दोन्ही. शेवटी रक्त विषारी होतं. तो केळ्यांचा वास त्याचा होता.

“भात बंद केला म्हणून झालं का?”

“नाही. भात बंद केला म्हणून कुणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, उपाय लागू पडतोय.”

“टाचण्या लावून ब्लाऊज आला त्या दिवशी तिला आणलं असतं तर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. “इंजेक्शन कोल्हापुराहून दोन तासांत आलं असतं, मास्तर.”

त्यानंतर मी आप्पांचा नियम मोडला. वहीत एक नवा रकाना पाडला: दंड. पिशवीतून येणारा मापाचा ब्लाऊज मी आधीच्या नोंदीशी ताडून बघायला लागलो आणि बाही उतरली की विचारायला लागलो. माझी बरीच शोभा झाली. एका शिक्षिकेला मी भर दुकानात विचारलं, तर तिनं श्रावणाचे सगळे उपास एकामागून एक सांगून मला गप्प केलं. काही गिऱ्हाइकं तुटली. गल्लीत मला ‘डॉक्टर मास्तर’ म्हणायला लागले, आणि आमची मंडळी कुणी दारात आलं की विचारायची, “ब्लाऊज शिवायचाय का खोकला हाय?” वखारीतल्या एका बाईला मात्र मी हट्टानं डॉक्टरांकडे पाठवलं. तिला क्षय निघाला, सव्वा वर्ष औषध घेऊन ती बरी झाली. ती एकच आहे. मी तिला दुसऱ्या बाजूला ठेवून हिशेब जुळवायचा प्रयत्न करत नाही, जुळत नाही.

सुनंदाचा मापाचा ब्लाऊज माझ्याकडेच राहिला. न्यायला कोणी आलं नाही, आणि पोचवायला जायची माझी छाती झाली नाही. बोरगावची पिशवीच यायची बंद झाली. मालनआक्का दुसरीकडे शिवतात असं कळलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

चार-पाच वर्षांनी एका बाजारादिवशी मी मान खाली घालून काज करत होतो. पायरीवर सावली आली. मालनआक्का होत्या. केस पिकले होते. त्यांच्यामागे धाकटी उभी होती, आता वाढलेली, नाकडोळे बहिणीसारखे. आक्कांनी कापड पुढं केलं. मी सवयीनं दुसरा हात मापाच्या पिशवीसाठी पुढं केला.

“माप न्हाई आणलं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “पोरीलाच आणलंय.”

दुकानात गर्दी होती. धाकटी अवघडून उभी राहिली. मी खालच्या कप्प्यातून गुलाबी ब्लाऊज काढून गल्ल्याशेजारी ठेवला. आक्कांनी तो घेतला, उलटा केला, पांढऱ्या नाडीवरून एकदा बोट फिरवलं आणि घडी घालून स्वतःच्या कमरेला खोचला.

“दंडापास्नं घ्या,” म्हणाल्या.

मी गळ्यातली टेप काढली. मी टेप पोरीच्या दंडाभोवती फिरवली आणि अंगठा आकड्यावर दाबून वहीकडे वळलो.

“मास्तर, मोठ्यांदा सांगा.”

“दंड साडेदहा,” मी म्हणालो. समोरच्या भाजीवालीनंही मान वर करून बघितलं.

“साडेधा,” मालनआक्का पाठ केल्यासारखं पुटपुटल्या. “लिवा.”